भाकरी गेली, चूर्ण आलं

सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली. यांपैकी कुठल्याही एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. ‘पोट साफ व्हायचं काहीतरी द्या’ हे वाक्य कानावर येईलच. मागणारा साठीचा असतो, तसा विशीतलाही असतो. दुकानदार पुढं काही विचारत नाही, चूर्णाची डबी काढून देतो. त्यानं एवढंच विचारायला हवं : सकाळी काय खाल्लं होतंस?

उत्तर ठरलेलं आहे. चहा आणि बटर. नाहीतर चहा-खारी, चहा-टोस्ट. माण-खटावच्या वाड्या-वस्त्यांवर, जत-आटपाडीच्या मळ्यांत दिवस शिळी भाकरी आणि ताकानं सुरू व्हायचा, तिथंही आता बेकरीचा पुडा पोचला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम मैद्यात चोथा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आहे. तेवढ्याच ज्वारीत तो दहा ग्रॅमच्या वर आणि बाजरीत अकराच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा घ्यायला सांगते. दोन वेळा चहा-बटर, मध्ये वडापाव आणि रात्री पांढरा भात खाणाऱ्यानं हा आकडा कुठून गाठायचा?

इथं पुष्कळजण लगेच गव्हाला धरतात. भाकरी सोडली, चपाती धरली आणि पोटाची वाट लागली, असं म्हणतात. ते खरं नाही. त्याच तक्त्यात अख्ख्या गव्हाचा चोथाही अकरा ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे ज्वारीपेक्षा कमी नाहीच. घात गव्हानं केला नाही, चाळणीनं केला. पीठ गिरणीतून घरी येतं, बारीक चाळणीतून जातं, कोंडा म्हशीच्या पाटीत पडतो आणि पांढरीशुभ्र मऊ चपाती आपल्या ताटात येते. पुढं पोट कुरकुरायला लागलं की आपण इसबगोल विकत आणतो. इसबगोल म्हणजेही एका झाडाच्या बियांवरचा भुसाच. घरचा कोंडा फुकट होता, तो म्हशीला घातला आणि दुसऱ्या बियांच्या भुशाला पैसे मोजले. चाळण खुंटीला टांगून ठेवा. चपाती थोडी खरखरीत होईल, पोरं दोन दिवस तोंड वाकडं करतील, मग गप खातील.

आणि गेली ती एकटी भाकरी नव्हे. भाकरीबरोबरचं कोरड्यासही गेलं. मोड आलेल्या मटकीची आमटी, हुलग्याचं माडगं, आंबील, तांदळी, चाकवत, घोळ, करडईची कोवळी भाजी, अंबाडी. मटकीत १०० ग्रॅमला पंधरा ग्रॅम चोथा आहे, अख्ख्या हरभऱ्यात पंचवीस. दोन्ही आकडे कच्च्या धान्याचे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच जिल्ह्यातल्या किती घरांत तो आठवड्यातून एकदा तरी शिजतो? भाकरीच्या जागी चपाती चालते. या सगळ्या कोरड्यासाची जागा बटाट्याची भाजी भरून काढू शकत नाही.

हा चोथा पोटात जाऊन करतो काय? लहान आतड्यात तो पचत नाही, तसाच पुढं सरकतो. त्यातला काही भाग पाणी धरून ठेवतो, त्यामुळं मळ मऊ आणि भरीव राहतो. काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. डेनिस बर्किट हा ब्रिटिश शल्यविशारद बरीच वर्षं युगांडात होता. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या विषयावर निबंध छापला. युगांडातल्या खेडुतांच्या पोटातून अन्न सुमारे दीड दिवसात बाहेर पडत होतं. पांढरा पाव खाणाऱ्या ब्रिटिश खलाशांना त्यासाठी तीन दिवसांहून अधिक लागत होते. मळाच्या वजनातही कित्येक पटींचा फरक होता. तेव्हा आपला शेतकरी युगांडातल्या खेडुताच्या बाजूला होता. त्याची नातवंडं खलाशाच्या बाजूला गेली आहेत.

त्याच १९७२ साली आपल्याकडं मोठा दुष्काळ होता. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी खात होती. मिलोची भाकरी धड थापता यायची नाही, तुटायची, आणि पोटाचे हाल व्हायचे, हे त्या पिढीतली म्हातारी माणसं आजही सांगतात. मिलो म्हणजेही ज्वारीच. तरी पोटानं ती सहज स्वीकारली नाही. उपाशी पोट, दिवसभर घणाचं काम, प्यायला मिळेल ते पाणी आणि वर एकदम बदललेलं धान्य, असं सगळं एका वेळी आदळलं होतं. त्या वेळी माणसाला निवड नव्हती. आज आहे, असं आपण समजतो. खरंच आहे का?

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचं पाणी दुष्काळी तालुक्यांत आलं, हे चांगलंच झालं. त्या पाण्यासाठी माणसं किती वर्षं झगडली, हे या भागातल्या कुणाला सांगायला नको. पण पाण्याबरोबर ऊस आला, द्राक्ष आलं, डाळिंब आलं आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, बांधाच्या पलीकडं ढकलला गेला. शाळूची काढणी जिकिरीची, राखण त्याहून जिकिरीची, त्यामुळं शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. ज्याच्याकडं रान नाही त्याचं काय? सरकारनं २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये ठरवला आणि त्याच रब्बीच्या गव्हाचा २,४२५. दुकानातला गहू तर रेशनकार्डावर जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. मजुरी करणारी बाई क्विंटलला हजार रुपये महाग धान्य कशाला घेईल? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन रुपयांचा तांदूळ, दोन रुपयांचा गहू आणि एक रुपयाचं भरड धान्य अशी तिन्ही नावं होती. आपल्या रेशन दुकानात भरड धान्य क्वचितच दिसतं. २०२३ हे पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, फलक लागले, भाषणं झाली. शाळूच्या मुलखातल्या गरिबाच्या पिशवीत मात्र गहू-तांदूळच पडत राहिला.

आता ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांच्याविषयी. हे लोक सोमवारी ठरवतात की उद्यापासून गहू बंद, भात बंद, फक्त नाचणी-बाजरी आणि वाटीभर कडधान्य. गुरुवारी पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि शुक्रवारी भाकरीला शिव्या देऊन पुन्हा बटर सुरू होतं. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. चोथा एकदम वाढला की वायू धरतो, आणि त्याबरोबर पाणी वाढवलं नाही तर मळ उलट घट्ट होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दक्षिण आफ्रिकेतल्या खेडुतांना अमेरिकी पद्धतीचं जेवण दिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकी पद्धतीचं, भरपूर चोथ्याचं. दोनच आठवड्यांत दोन्हीकडच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात आणि जिवाणूंच्या कामात फरक दिसला. म्हणजे पोट लवकर सुधारतं आणि तितक्याच लवकर बिघडतं. सुधारणा हवी असेल तर बदल हळूहळू करा. आधी एक वेळची भाकरी, मग एक वाटी मटकी, मग पालेभाजी. कडधान्य भिजवून, मोड आणून शिजवायची आपल्याकडची रीत उगाच पडलेली नाही. वायू करणाऱ्या ज्या शर्करा कडधान्यात असतात, त्या भिजवल्यानं आणि मोड आल्यानं कमी होतात. दुधानं पोट बिघडणाऱ्यालाही ताक सहसा चालतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात मोडलेली असते.

ताट सुधारूनही ज्यांचं पोट साफ होत नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना मला राग येतो. सकाळी काही खाल्लं की मोठं आतडं आपोआप हालचाल करायला लागतं. ती परसाकडची वेळ. त्या वेळी कळ दाबली तर मळ आतच राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. कळ कोण दाबतं? पहिल्या एसटीनं कॉलेजला जाणारी मुलगी दाबते. शाळेतल्या संडासाला कडी नाही म्हणून सातवीतली पोर दाबते. उसाच्या फडात पहाटेपासून राबणारी बाई दाबते, मग ती बीडहून आलेली असो की जतहून. जायला आडोसा नाही म्हणून या बाया पाणीच पीत नाहीत. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला देणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना कडी लागणारा, पाणी असलेला संडास द्या, सल्ला नंतर द्या.

चूर्णाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला बळेच हालचाल करायला लावते. एखाद्या अडचणीच्या दिवशी ठीक, पण रोज घेतल्यानं ताटातली उणीव भरून निघत नाही, ती फक्त झाकली जाते. कधीकधी ती आजारही झाकते. मळातून रक्त जात असेल, मळ डांबरासारखा काळा होत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, किंवा चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर शौचाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलून आठवडेच्या आठवडे तशीच राहिली असेल, तर डबी ठेवून द्या आणि डॉक्टरकडे जा. मूळव्याध असेल असं घरच्या घरी ठरवून वर्ष घालवू नका. लाजेपोटी घालवलेलं ते वर्ष आतड्याच्या कर्करोगात फार महाग पडतं.

पोरांच्या बाबतीत मात्र वाट बघायची गरज नाही, कारण इथं हातात काहीतरी आहे. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ-कडधान्य, वरच्या वर्गातल्याला १५० आणि ३० ग्रॅम, असा नियम आहे. धान्य म्हणजे तांदूळ. पण २०२४ मध्ये राज्य सरकारनं पदार्थांची जी नवी यादी केली, तिच्यात मोड आलेल्या मटकीची उसळ आणि नाचणीचं सत्त्वही होतं. तुमच्या गावच्या शाळेत ते शिजतं का? प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालकच जास्त असतात. येत्या बैठकीला जा. मटकी कधी शिजली ते विचारा, आणि उठण्याआधी मुलींच्या संडासाची कडी स्वतः लावून बघा.