नानांचा पदकतक्ता

आशियाई स्पर्धा आल्या की आमच्या इमारतीतले नाना खेळ पाहत नाहीत, तक्ता पाहतात. बँकेत जन्मभर ताळेबंद जुळवला, आता देशाचा जुळवतात. वहीत सुवर्ण आणि रौप्य शाईनं, कांस्य पेन्सिलीनं. "कांस्याचा काय भरवसा?"

१९५१चं पान आल्यागेल्याला दाखवतात. दिल्लीची पहिली स्पर्धा, १५ सुवर्ण, एकूण ५१, जपानच्या खालोखाल आपण. तेव्हा चीन कुठे होता, असं कुणी विचारलं की पान उलटतं. १९९०च्या बीजिंगचं मात्र न विचारताच उलटतं : अख्ख्या देशाला एक सुवर्ण, कबड्डीचं. तेव्हापासून कबड्डी ही नानांची मुदत ठेव. स्पर्धेआधीच जमेला धरायची. २०१८ला जकार्तात इराणनं पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवलं, तेव्हा पराभवापेक्षा खाडाखोडीचंच दुःख जास्त.

त्या वर्षी सुवर्णांच्या हिशेबानं आपण आठवे. नाना लगेच एकूण पदकांवर आले. तसं मोजलं की इराण आणि तैपेई मागे. पद्धत कुठली ती निकाल बघून ठरते. त्यांचा खरा सण २०२०च्या जुलैत आला. बहारीनची धावपटू उत्तेजकात सापडल्यानं आपलं मिश्र रिलेचं रौप्य सोन्याचं झालं, अनू राघवनलाही चौथ्या क्रमांकावरून कांस्य मिळालं. ६९चे ७०! आपल्या रिलेत कोण धावलं होतं, विचारलं तर म्हणाले, "नावं वहीत नसतात."

हांगझोऊनं त्यांचा घात केला. १०७ पदकं, २८ सुवर्ण. कसंही मोजा, चौथेच. वादाला जागाच नाही. नानी कौतुकानं साताऱ्याच्या अदिती स्वामीचं, नागपूरच्या ओजस देवतळेचं, बीडच्या अविनाश साबळेचं सांगत होत्या. नाना म्हणाले, "राज्यवार वही वेगळी करावी लागेल."

मग पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत आली. समोर पुन्हा इराण, २८-२८ अशी बरोबरी, आणि एका चढाईच्या गुणांवरून खेळ तासभर थांबला. जुना नियम की नवा, यावर पंच, प्रशिक्षक, खेळाडू सगळे भांडत होते. आमच्या जिवाला घोर. नाना मात्र खुर्ची ओढून टीव्हीसमोर. "नियमावली दाखवा ना यांना!" जन्मात पहिल्यांदा त्यांना सामना रंगलेला दिसला.

खेळ पुन्हा सुरू झाला तसे उठले आणि आंघोळीला गेले. ३३-२९ त्यांना नानींनी दारावर थाप मारून सांगितलं.