आधी काटा, मग कोड

नवघर रोडच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. गॅसवाला बाटला खांद्यावर घेऊन जिना चढतो. आत १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढंच लोखंड, म्हणजे तीसेक किलोचा भार. दारात टेकवून तो कोड विचारतो, पावतीच्या वर थोडे पैसे मागतो. आपण कुरकुरत देतो आणि दार लावून घेतो. वजन कोणीच बघत नाही.

देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, त्यातला बराचसा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. तो जहाजावर मोजतात, बंदरातल्या टाक्यांत मोजतात, भरणा प्रकल्पात प्रत्येक सिलिंडर काट्यावर चढवतात. एवढा चोख हिशेब आमच्या जिन्याशी येऊन थांबतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात, नेमकं त्याच्याच समोर माप होत नाही.

नियमात संदिग्ध काही नाही. घरी सिलिंडर आणणाऱ्याने सोबत काटा ठेवायचा आणि ग्राहकाने मागितलं की वजन करून दाखवायचं. घरपोच आणण्याचा खर्च किमतीतच धरलेला असतो. मजला कितवाही असो, पावतीवर एक रुपयाही जास्त देणं लागत नाही.

तपासणं अवघड नाही. वरच्या कड्याला जोडलेल्या पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा, काट्यावर साधारण तेवढं भरलं पाहिजे. तिथेच ‘बी २८’ असं काही दिसेल. त्याचा अर्थ, या टाकीची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घरात घेऊ नका. सील शाबूत दिसलं तरी वजन कराच.

मोबाइलवर येणारा कोड कामाचा आहे. आपल्या नावाचा बाटला परस्पर दुसरीकडे वळवायला त्याने आळा बसतो. पण एकदा कोड सांगितला की माल मिळाल्याची नोंद पक्की होते, मग कमी भरल्याची तक्रार कशाच्या जोरावर करणार? म्हणून वजन होईपर्यंत कोड सांगू नका.

आणि जिना चढणाऱ्या माणसाशी भांडू नका. घरपोच सेवेचे पैसे ग्राहक किमतीतून भरतोच. त्यातले त्याच्या हाती बाटल्यामागे किती पडतात, हे एजन्सीने फलकावर लिहावं. तेल कंपन्यांनीही ते तपासावं. मजुरी पुरेशी मिळाली तर त्याला दारोदार हात पसरावा लागणार नाही.

पुढचा नंबर लागेल तेव्हा काटा मागा. दिला नाही तर एजन्सीत लेखी तक्रार द्या, तिथे दाद लागली नाही तर वैधमापन विभागाकडे जा. एका घराने मागितलं तर कटकट म्हणून सोडून देतील. सोसायटीने ठराव करून मागितलं तर टेम्पोत काटा ठेवावाच लागेल.