काडीवाले काका

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या कुठल्याही सेक्टरात जा, गारखेड्यात जा, नाहीतर उस्मानपुऱ्याच्या एखाद्या गल्लीत वळा. शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी टेस्टर लावलेले एक काका गेटपाशी उभे दिसणारच. वय साठीच्या पुढे, नोकरी वाळूजला नाहीतर चिकलठाणा एमआयडीसीत, खातं मेंटेनन्स. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आधारानं लहानमोठी वर्कशॉपं उभी राहिली आणि शहरातल्या एका अख्ख्या पिढीच्या हातात पाना आला. पुढे पिढी निवृत्त झाली, पाना झाला नाही. कंपनीत मशीन बंद पडलं की काकांना न्यायला रात्री-अपरात्री जीप यायची. आता जीप येत नाही, आणि काही बिघडायची वाट घरी बसून किती बघायची? म्हणून काका गल्लीत फिरतात. उन्हाळ्यात कुलर, हिवाळ्यात गिझर आणि बाराही महिने मोबाइल.

मोबाइलचंही सगळंच ते बघत नाहीत. स्क्रीन फुटलेली दिसली की "ते काचवाल्याचं काम" म्हणून बाजूला सारतात. त्यांची खरी हुकमत एकाच दुखण्यावर आहे. हेडफोन लावलेला नसतो, पण फोनची खात्री असते की तो लावलाय. वरच्या पट्टीत हेडफोनचं चिन्ह येऊन बसतं ते उठत नाही. रिंग मात्र नेहमीसारखी खणखणीत वाजते, म्हणून माणूस खुशीत फोन उचलतो आणि पलीकडचा आवाज नसलेल्या हेडफोनात निघून जातो. स्पीकरचं बटण दाबलं तर ऐकू येतं, पण मग ते शेजारच्यांनाही येतं. गल्लीतल्या एखाद्या घरातून चढत्या आवाजात तीन-चार वेळा "हॅलो" ऐकू आलं, की काका पायांत चपला सरकवतात.

बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात याला. काकांनी त्रेपन्नावा शोधलाय, साडेतीन मिलीमीटरचा.

त्यांच्यावर हसण्याआधी एक कबूल करायला हवं. या माणसाला विषय कळतो, गोम तिथेच आहे. अडाणी माणूस फोनच्या भोकात काडी घालायला कचरला असता. काका आधी सिद्धान्त सांगतात, मग काडी मागतात.

"वहिनी, फोनला हेडफोन कळत नसतो. त्याला फक्त पत्ती कळते. या भोकात एक बारीक स्प्रिंगची पत्ती आहे. पिन आत गेली की पत्ती सरकते, सर्किट बदलतं, आतल्या चिपला वाटतं हेडफोन आला. लगेच स्पीकर बंद, सगळा आवाज वायरीकडं. आता पिन नसताना तिथं खिशातला कापूस दाबून बसला, नाहीतर ओल शिरली, तर तो बिचारा काय करणार? आवाज कुठं जायलाय ते त्यालाच माहीत नाही."

हे शंभर टक्के बरोबर आहे. पुढचंही बरोबर आहे. पिनेवरच्या काळ्या रेघा ते मोजून दाखवतात: दोन असल्या तर नुसतं ऐकायचं, तीन असल्या तर वायरीला माइकही आहे. कचरा कुठं अडकला यावर फोन काय समजतो ते ठरतं. त्याला माइकवाला हेडफोन वाटला तर आपलं बोलणंही पलीकडे जात नाही. साधा वाटला तर पलीकडच्याला आपलं ऐकू येतं, आपल्याला त्याचं नाही. एका वहिनींच्या फोनला हा दुसरा प्रकार झाला होता. रोज रात्री परभणीहून सासूबाईंचा फोन यायचा, वहिनी "हो आई, बरं आई" म्हणत पोळ्या लाटायच्या आणि दोन्हीकडे समाधान होतं. काकांच्या हातून खरोखर दुरुस्त झालेल्या मोजक्या फोनांपैकी तो एक. तेव्हापासून वहिनी काकांशी धड बोलत नाहीत. काकांना वाटतं, चहा सांडला होता त्याचा राग असेल.

काम सुरू झालं की काका इतिहासात शिरतात. ही पिन म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजची उरलेली खूण, तिथं पाव इंची जाड पिन या भोकातून काढून त्या भोकात खुपसत बोलणी जोडून द्यायचे. तीच बारीक होत होत ट्रान्झिस्टरला आली आणि 1979 साली सोनीच्या वॉकमननं ती जगाच्या कानाला लावली. एवढं सांगेपर्यंत त्यांनी फोनचं कव्हर काढून ठेवलेलं असतं. 2016 साली अॅपलनं आयफोन 7 मधून हे भोकच काढून टाकलं आणि त्यांच्या एका बड्या अधिकाऱ्यानं मंचावरून त्याला धाडस म्हटलं, यावर काका दर वेळी तितकेच चिडतात. "भोक बुजवायला धाडस लागतं? एम-सील लागतं!"

मग उपचार. पहिली फुंकर. ती इतक्या जोरात की कचरा होता त्याहून आत जातो आणि सोबत काकांच्या तोंडची वाफ. दुसरी पायरी, जुना हेडफोन दहा-पंधरा वेळा घालायचा आणि काढायचा. याच्यानं खरंच फरक पडतो, पत्तीवरची घाण घासून निघते, अडकलेली पत्ती सुटते. पुष्कळदा चिन्ह जातं. शहाण्यानं इथं थांबावं. पण इतक्या लवकर बरं झालेलं काकांना मानवत नाही. "वरवरचं गेलंय, मुळातून काढू," म्हणत ते टूथपिक मागतात. लाकडाची काडी, हलक्या हातानं, फोन बंद करून, ही पद्धतही चुकीची नाही. हलका हात मात्र काकांनी वाळूजच्या शाफ्टवर कमावलेला. टूथपिकचं टोक आत राहतं. ते काढायला पिन लागते. काका नुसता तळहात पुढे करतात आणि समोरच्या वहिनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून देतात. आतापर्यंत नुसती दबलेली पत्ती यानंतर वाकते.

साथ येते ती पाण्याच्या दिवशी. जायकवाडीचं पाणी या शहराच्या नळाला रोज येत नाही, हे परगावच्या वाचकांना सांगायला हवं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघरी एका हातात पाइप, एका हातात मोटारीचं बटण आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. टाकीत डोकावून "भरली का?" बघायला माणूस वाकतो आणि फोन आत जातो. एका पाण्यात गल्लीतले दोन-तीन तरी फोन न्हाऊन निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या ओट्यावर माणसं, प्रत्येकाच्या फोनवर हेडफोनचं चिन्ह.

ओल्या फोनाचा सर्वज्ञात उपाय म्हणजे तांदळाचा डबा. त्यात विशेष काही होत नाही. फोन वाळतो तो वेळ गेल्यामुळं, वर तांदळाची भुकटी भोकात जाते ती वेगळी. 2024 साली अॅपलनंही आपल्या सूचनांमध्ये फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातील, असं लिहून टाकलं. काकांना हे मान्य आहे, पण त्यांचा आक्षेप निराळा आहे. तांदूळ हा त्यांच्या मते कोकणचा उपाय. मराठवाड्यानं ज्वारीत ठेवावं. ज्वारी तांदळाहून जास्त ओल पिते, असं ते कुठल्याशा कृषी अधिकाऱ्याच्या हवाल्यानं सांगतात. अधिकारी दर वेळी वेगळा असतो. तरीही चिन्ह हललं नाही तर फोन कुलरसमोर उभा करायचा. कुलरची हवा पाण्यातून येते हे बोलून दाखवायची गल्लीत कुणाची छाती नाही. फोन नुसता बंद करून, चार्जरला न लावता, साध्या पंख्याखाली दिवसभर पडू द्यावा, हा उपाय काकांनी कधीच सुचवलेला नाही. त्यात करण्यासारखं काय आहे?

इतकं करून फोन बोलेनाच झाला की निदान बदलतं. "हार्डवेअर ओके आहे. सॉफ्टवेअरचा लोचा आहे." यानंतर रोगी पैठण गेटला जातो.

तिथल्या मोबाइलच्या बाजारात डोळ्याला भिंग लावून बसलेला पोरगा काकांच्या नातवाच्या वयाचा असतो. तो इतिहास सांगत नाही. भोकात उजेड टाकून बघतो आणि चिमट्यानं एकेक वस्तू कागदावर काढून ठेवतो: कापूस, टूथपिकचं टोक, अर्धा ज्वारीचा दाणा. "सिडको से आए क्या?" तो मान वर न करता विचारतो. मग ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, दोन फेरे, पुन्हा भिंग. "पत्ती मुड गई. जॅक बदलना पडेंगा. अन् काका को बोलो, पिन नक्को." काकांना हा निरोप पोचवला तर ते प्रेमळपणे हसतात. "पार्ट बदलायला काय लागतं? दुरुस्त करायला अक्कल लागते."

भोक असलेल्या फोनांपर्यंत हे सगळं ठीक होतं. काकांचं खरं संकट म्हणजे बिनभोकाचे फोन. पलीकडच्या गल्लीतल्या आज्जींचा हरिपाठ एका संध्याकाळी ऐकू येईना. फोनवर सगळं चालू, ओळ पुढे सरकतेय, वर हेडफोनचं चिन्ह, आवाज शून्य. काका आले, फोन उलटापालटा केला. चार्जिंगचं तोंड होतं, हेडफोनचं कुठंच नव्हतं. दुसरा कुणी "मला हे समजत नाही" म्हणून उठला असता. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र हुडकून काढलं.

"हे बघा, बारीक केलंय हल्ली."

आज्जींनी बांगडीची पिन दिली. ते छिद्र माइकचं होतं.

त्याच वेळी वर गच्चीवर आज्जींचा नातू कानात वायरलेस बड्स घालून फिरत होता आणि आपल्या कानात मराठी सिनेमातल्या गाण्याऐवजी टाळ-मृदंग कुठून आले म्हणून चक्रावला होता. आदल्या दिवशी त्यानं आज्जींच्या फोनवर मॅच बघितली होती. डबी उघडल्याबरोबर बड्स ओळखीच्या फोनला जाऊन चिकटले. म्हणजे त्या दिवशी फोनचं काहीच चुकलं नव्हतं. हेडफोन खरोखर जोडलेला होता, फक्त तो दोन मजले वर होता. नातू जिना उतरून आला, ब्लूटूथ बंद केलं आणि हरिपाठ घरभर घुमला. काकांनी पिन खिशाला लावली. "मी काय म्हणत होतो? हार्डवेअर ओके." आज्जींनी आनंदानं लेकीला फोन लावला तेव्हा मात्र तिकडून लेकच "हॅलो, हॅलो" करू लागली.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, काकांकडे आता कोण फोन देत असेल. सगळे देतात. कारण पैठण गेटला जायचं तर गाडी लावायला जागा नाही, आणि काका घरी येतात, पैसे घेत नाहीत, सोबत अर्धा तास गप्पा. शिवाय त्यांच्या हातात फोन असला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. तेवढ्यासाठी एखादा जुना फोन गमवायला गल्लीची ना नसते. काही घरांत तर खास काकांसाठी एक बिघडलेला फोन ठेवलेला आहे.

खुद्द काकांच्या फोनचं काय, हा प्रश्न इथं कुणी तोंडावर विचारत नाही. त्याच्या वरच्या पट्टीत हेडफोनचं चिन्ह फार वर्षांपासून आहे. ते काढायचे सगळे प्रयत्न काकांनी स्वतःच केलेत, त्यामुळं ते आता कायमचं झालंय. काका स्पीकरवर बोलतात. रोज रात्री जेवण झालं की गेटपाशी येतात, फोन तळहातावर आडवा धरतात आणि पुण्याला मुलीला लावतात. त्या वेळी गल्लीतले टीव्ही आपोआप बारीक होतात. जावयाची बढती, नातीचे मार्क, विहिणीचा गुडघा, सगळं आम्हाला तारीखवार ठाऊक आहे.

"बाबा, दुकानात दाखवा हो तो फोन एकदा."

"लुटारू आहेत ते. मी काढतो रविवारी."

"बरं, गोळी घेतली का बीपीची?"

"घेतली की."

"खरंच?"

समोरच्या गॅलरीतून, पोळ्यांचं पीठ हाताला तसंच, परभणीच्या सुनेनं ओरडून सांगितलं, "नाही घेतली गं ताई! डबी ओट्यावर तशीच आहे!"