पतंग, पण संक्रांतीचे नव्हेत

भाचा मुंबईहून उर्से गावात आला तो शॉर्टफिल्म काढायला. विषय : खेड्यावर पतंगांचं आक्रमण. शेजारच्या तात्यांना हे कळलं आणि ते माळ्यावरची फिरकीच घेऊन आले. "मांजा जुना हाय. पण भादव्यात कुठं पतंग उडवताय?"

"तसले नव्हे हो, दिव्यावरची पाखरं."

"मग टोलनाक्यावर जा की! तिथले दिवे लागले की निम्म्या मावळातली पाखरं तिकडंच."

भाच्याला सह्याद्रीतला अ‍ॅटलास हवा होता. पंख पसरले की वीतभर. वयात आलेल्या अ‍ॅटलासला खायला तोंडच नसतं, हे ऐकून आमच्या हिने विचारलं, "मग हल्ला कशाने करणार?" दिग्दर्शकाने तो प्रश्न जागच्या जागी कापला.

गरीब शेतकऱ्याची भूमिका मला मिळाली, कारण धोतर माझ्याकडेच होतं. पुढे तेही पाखरं बसायला पडदा म्हणून दोरीवर गेलं आणि शेतकरी लुंगीवर आला.

तात्यांनी मात्र बांधावर बल्ब टांगला, खाली घमेल्यात पाणी, वर चमचाभर रॉकेल. त्यांचं वैर खोडकिड्याशी. मादी एवढीशी, पिवळसर, पुढच्या दोन्ही पंखांवर तीट लावल्यासारखा एकेक काळा ठिपका. तिची अळी भाताच्या खोडात शिरली की लोंबी पांढरीफटक, दाणा नाहीच. पळींज म्हणतात तिला. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तात्यांना पोटच्या पोरासारखा. भाच्याने घमेल्यात डोकावून नाक मुरडलं. "हे फारच छोटे आहेत. स्क्रीनवर भीती नाही वाटणार."

"लोंबीला वाटती," तात्या म्हणाले.

पतंग दिव्यावर भाळतो, असं शायर सांगत आले. २०२४ साली शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिलं तर तो बिचारा उजेडाकडे पाठ करत राहतो, आकाश तिकडेच आहे असं समजून, आणि घिरट्यांत अडकतो. माझंही तेच झालं. तोंडावर हॅलोजन आला, वर-खाली कळेना, तीन शब्दांचा संवाद पाच वेळा चुकला.

सहाव्या खेपेला तो जमत आला आणि लाईट गेली.

धोतरावरच्या साऱ्या पाखरांना आता एकच उजेड उरला : भाच्याचा मोबाईल.

दुसऱ्या दिवशी चित्रण पाहिलं. काळोख, फडफड, भाच्याची किंकाळी, काहीतरी पत्र्याचं लाथाडल्याचा आवाज आणि तात्या : "अरं, घमेल्यात पाय नको! मोजायची राहिल्यात!"