काडी ओढण्याआधी

कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर घर बांधणाऱ्याची सरकार मोठी गंमत करतं. एक कायदा सांगतो, घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळकं गवत, पालापाचोळा साचू देऊ नका. बिचारा कंबर मोडेस्तोवर राबून ढीग रचतो आणि काडेपेटी काढतो, तर दुसरा कायदा मनगट धरतो: परवाना कुठंय? राज्याचं अग्निशमन खातं म्हणजे कॅल फायर. त्याच्या हद्दीत १ मेपासून परवान्याशिवाय ढीग पेटवता येत नाही. तो मिळणं सोपं आहे. ऑनलाइन छोटा व्हिडिओ बघितला की झालं. खरा छळ पुढे. ढीग ४ फूट रुंद, ४ फूट उंच, बस्स. भोवती १० फूट जमीन खरवडून माती उघडी करायची, म्हणजे आपल्या वनखात्याच्या जाळरेषेची घरगुती आवृत्ती. हाताशी पाणी, फावडं आणि आग पुरती विझेपर्यंत हजर असलेला जबाबदार प्रौढ. पहिल्या दोन वस्तू कुठंही मिळतात, तिसरीची टंचाई जगभर आहे. एवढं जमवूनही आज जाळायची मुभा आहे का, हे हवा-नियंत्रण कार्यालयाला विचारायचंच.

माझ्या मते या साऱ्या अटींचं काम एकच, माणसाचा उत्साह थंड करणं. पेटता ढीग दिसला की भल्याभल्यांचं काय होतं ते होळीला बघावं: आणखी एक फांदी, मग मोडकी खुर्ची, मग शेजाऱ्याची धड खुर्ची. घरातला कचरा ढिगात टाकायला तिथे बंदी आहे, ती उगाच नव्हे. कोणी म्हणेल, जमीन माझी, पाचोळा माझा, काडीही माझी. खरंय, पण ठिणगी सातबारा बघून उडत नाही, आणि हलगर्जीपणामुळे आग पसरली तर ती विझवण्याचा खर्च कायद्याने तुमच्याकडूनच वसूल होऊ शकतो. कोणी कोकणातल्या भाजावळीचा दाखला देईल: तिथल्या शेतकऱ्याला कुठं लागतो व्हिडिओ? नाही लागत, कारण तो राबावर मातीचा थर देतो आणि वारा बघून पेटवतो. ज्याची शेतीशी ओळख गवत कापायच्या यंत्रापुरती आहे, त्याला मात्र हे कागदावर लिहून द्यावं लागतं.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. उन्हाळ्यात धोका वाढला की परवाने स्थगित, पावसात ढीग ओला, आणि कोरड्या शांत दिवशी धूर वर चढत नाही म्हणून हवावाले नको म्हणतात. मग ढीग तसाच पडून राहतो, म्हणजे वणव्याचं सरपण आपणच रचून ठेवलेलं! पण म्हणून अटी सैल करणं हा उपाय नव्हे. काही काउंट्यांमध्ये फांद्यांचा भुगा करून देणारं यंत्र दारात येतं. ती सोय असेल तर आधी नाव नोंदवा. नसेल तर हिवाळा येऊ द्या, सकाळी हवा कार्यालयाला फोन लावा आणि फावडं घेऊन उभं राहायला घरातला सगळ्यात निरुत्साही माणूस निवडा.