बाकीचे तीन कुठं आहेत?

लाकडाच्या लेथवर बाई उभी दिसली की तिचं लाटणं मोडलं असणार, हे यवतमाळात कुणाला सांगावं लागत नाही. मी दारात उभी राहिले तेव्हा आतल्या काकाजींनी मान वर न करता विचारलं, "बारीक पायजे का जाड?" म्हटलं, लाटणं नको, मेणबत्तीचं नक्षीदार स्टँड करायचंय. तेही तुम्ही नाही, मी करणार; तुम्ही फक्त शिकवा. त्यांनी मोटर बंद केली, पट्टा थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, घरी इन्व्हर्टर नाई का?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मेणबत्तीला खरे चांगले दिवस आले ते 2005 नंतरच्या भारनियमनात. जिल्ह्यात वणीला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. कोळसा आमचा, धूळ आमची, वीज तेवढी गावोगाव फिरून सवड मिळाली तर आमच्याकडे यायची. पण त्या सुवर्णकाळातही मेणबत्तीला स्टँड कुणाच्या घरी नव्हतं. उपडी वाटी, तिच्या बुडावर चार थेंब मेण, त्यात मेणबत्ती. सकाळी मेण सुरीनं खरवडायचं आणि त्याच वाटीत वरण वाढायचं. ही व्यवस्था इतकी पक्की होती की तिच्यात सुधारणा सुचवणं म्हणजे सासूबाईंच्या सबंध संसारावर बोट ठेवणं. नाताळात मेणबत्त्या लागतील अशी एक मोठी संस्था यवतमाळात होती, युनियन बिब्लिकल सेमिनरी. 1953 साली इथं सुरू झाली आणि 1983 साली पुण्याला गेली. यवतमाळात शिकून पुण्याला जायची रीत आहेच; इथं शाळाच गेली.

लाकडाचा प्रश्न त्याहून नाजूक. यवतमाळचे म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे ख्यालीखुशाली विचारायच्या आधी सागवान स्वस्तात मिळेल का विचारतात. त्यांना वाटतं आम्ही सकाळी फिरायला जातो आणि येताना एखादा ओंडका घेऊन येतो. प्रत्यक्षात स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायलाही परवानगी लागते, आणि तोडलेलं लाकूड हलवायला वाहतूक परवाना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली टीपी. या टीपीच्या मुळाशी 1927 चा वन कायदा आहे. इंग्रज गेले, सागाची काळजी मागे ठेवून गेले. आमच्या घरात तर "स्टँड घरी आणायला टीपी लागेल का गं?" हा विनोद ह्यांनी इतक्यांदा केला की शेवटी मीच परवाना मागवायच्या बेतात होते.

लाकूड मिळालं ते दारव्ह्याला मामेसासऱ्यांचं जुनं घर उतरवलं तिथलं. तुळईचा हातभर तुकडा. जुन्या सागवानाला सुतार-कातारी मंडळी फार मानतात. त्याचं वाकायचं, तडकायचं वय उलटून गेलेलं असतं आणि अंगच्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. काकाजींनी तुकडा हातात तोलला, हुंगला आणि त्याच्यावरून बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवू लागले. एका जागी ते चिकटलं. पकडीनं खिळा बाहेर आला तो चांगला बोटभर. "हा पटाशीले लागला असता ना ताई, त पटाशी माया कपाळात," म्हणाले. मग खिळा खिशात टाकला. जुने खिळे चांगले असतात म्हणे.

मी गेले होते श्रावणात, आणि तो मोसम नंदीबैलांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवून दोरीनं ओढत नेतात. नंदीला चाकं लागतात, आणि चाकं लेथवर निघतात. कोपऱ्यात चाकांचा ढीग माझ्या कमरेइतका झालेला. गिऱ्हाइकं येऊन ताटकळायची, त्यांना काकाजी सांगायचे, "थांबा जरा, बाईचं चालू हाय." गिऱ्हाईक समजुतीनं मान हलवायचं. "लाटणं काय?"

काकाजींचा एकच कडक नियम होता. ओढणी खुंटीवर, बांगड्या पर्समध्ये, केस अंबाड्यात. फिरत्या लाकडात कापड गेलं तर माणूस मागोमाग जातो. ते पटल्यावर पुढचं सगळं सोपं, असं त्यांचं म्हणणं. लाकडाच्या दोन्ही तोंडांवर कर्ण आखायचे. ते छेदतात तिथं मध्य. एका तोंडावर करवतीनं फुली पाडायची, तिच्यात हेडस्टॉकचे, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाचे, दात रुततात. दुसऱ्या तोंडाला समोरच्या टेलस्टॉकची अणी, आणि अणीला जराशी ग्रीस, नाहीतर लाकूड तिथं करपतं. चार कडा वासल्यानं उतरवल्या की चौकोनाचे आठ कोन होतात. पटाशी टेकवायची टूलरेस्ट लाकडाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची आणि मोटर लावायच्या आधी हातानं एक फेरा फिरवून बघायचा.

मग मोटर. गोल पटाशी टेकवली की सुरुवातीला टकटकटक असा आवाज येतो, कारण पटाशीला अजून कोपरेच भेटत असतात. मनगटापासून दातांपर्यंत सगळं हलतं. हळूहळू टकटक विरघळते आणि एकसंध घोंघावणं उरतं. तेव्हा समजायचं, लाकूड गोल झालं. हा क्षण एवढा सुखाचा असतो की तिथंच थांबावं आणि दांडका घरी न्यावा. चेहऱ्यावर गरम ढलप्या बसत असतात, नव्या चामड्यासारखा सागाचा वास येतो आणि त्याची बारीक धूळ नाकात जाऊन शिंका. सागात सिलिका असते, ती धार खाते. त्यामुळे मी लाकूड कातायचे आणि काकाजी एमरीवर माझ्या पटाश्या घासायचे. त्यांचं शिकवणं बरंचसं त्या घासण्याच्या आवाजातच झालं.

स्टँडचं चित्र मी काढून नेलं होतं: खाली पसरट बैठक, वर नाजूक गळा, मधे दोन मणी, शेंड्याला कमळासारखी वाटी. काकाजींनी चित्र पाहिलं, पसंत केलं आणि ते बाजूला ठेवलं. "इथं थोडं पोट राहू द्या." "गळा लई बारीक, मोडन." "खाली टाच काढा." ज्या हातांनी आयुष्यभर बाजेचे पाय आणि देवघराचे खांब काढले त्यांच्याकडून आलेल्या सूचना, एकेक वेगळी घेतली तर बिनतोड. त्या सगळ्या मी पाळल्या.

वाटीच्या मधोमध भोक पाडलं. मेणबत्ती शेवटाला आली की लाकूड पेटतं, म्हणून आत पत्र्याची छोटी टोपी ठोकून बसवली. पाकिटातली मेणबत्ती तिच्यात जाईना. दुसऱ्या दुकानातली आणली, ती आत लटपटायला लागली. "मेणबत्ती आणून द्या ताई, तिलेच लेथवर चढवतो," काकाजी म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते.

पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. लेथ चालू ठेवून फडक्यानं लावायचा. घर्षणानं तो तापतो, पसरतो आणि लाकडाचा रंग एकदम पाणी दिल्यासारखा उघडतो. सावंतवाडीकडे म्हणे रंगीत लाखेची कांडीच फिरत्या लाकडावर दाबतात आणि वरून केवड्याच्या पानानं चकाकी आणतात. आमच्याकडे केवडा कुठला? काकाजींनी स्वतःच्या जुन्या बनियनचा तुकडा दिला. ऐन चमक येत असताना लाईन गेली. लेथ लगेच थांबत नाही, कुरकुरत थांबते. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये घाम पुसत बसलो, विजेवर चालणाऱ्या यंत्रावर मेणबत्तीचं स्टँड अर्धवट चढलेलं, आणि शेजारचा चहावाला दारातून म्हणाला, "मेणबत्ती आणू काय?"

घरी ते टेबलावर मांडलं. दिरांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं, उचलून वजन घेतलं आणि अतिशय आदरानं विचारलं, "मस्त आहे वहिनी. बाकीचे तीन कुठं आहेत?"

पुढं दिवाळीत आलेल्या नणंदेनंही तेच विचारलं. गॅसवाल्यानं विचारलं. मग मी त्यात कायम मेणबत्ती खोचून ठेवायला लागले, म्हणजे ओळख पटायला अडचण नको. मे महिन्यापर्यंत हे चाललं. आमच्याकडे पारा 44-45 च्या घरात जातो, आणि मेण वितळलं नाही तरी मऊ पडतं. मेणबत्तीनं आधी मान टाकली, मग कंबर; शेवटी पूर्ण वाकून तिचं टोक टेबलाला टेकलं. ह्यांनी तिला "अहो, बसा की" म्हटलं. मी ती काढून फेकली आणि स्टँड पुन्हा नुसतंच उभं राहिलं.

सासूबाई इतके महिने त्यावर काही बोलल्या नव्हत्या. आता मात्र म्हणाल्या, "तुया त्या काकाजीले इचार, असेच आणखी तीन करते का." मला भरून आलं, म्हटलं, चारही कोपऱ्यांत ठेवू या ना, दिवाळीत छान दिसतील. त्यांनी उत्तर दिलं नाही. गच्चीवर जुनी बाज पालथी पडलेली आहे, तिचे पाय गेल्या पावसाळ्यात कुजले. परवा त्या स्टँडची उंची वितीनं मोजत होत्या, आणि बोटं तशीच धरून जिना चढून वर गेल्या.