खडे निवडून खडे घालणे

मार्चमध्ये मावशीच्या नातवाची मुंज झाली. ‘फोटो मी काढतो, फोटोग्राफर कशाला?’ हे वाक्य माझंच. आता बटूचे केस कानावर आलेत आणि फोटो अजून माझ्याच संगणकात आहेत. कारण प्लगइन.

फोटोशॉप हा मिक्सर धरला, तर प्लगइन म्हणजे त्यावर बसणारी जादा भांडी. भांडं दुसऱ्या कंपनीचं चालतं, फक्त खाच जुळली पाहिजे. ही खाच फोटोशॉप बनवणाऱ्या नॉल बंधूंनी १९९०च्या पहिल्याच आवृत्तीत ठेवली होती. पुढे काई क्राउझ या जर्मन गृहस्थांची ‘काईज पॉवर टूल्स’ आली. त्यांत फोटोचा कोपरा वहीच्या पानासारखा मुडपायची सोय होती. पानं मुडपल्याबद्दल मी शाळेत छड्या खाल्ल्यात. ते सगळं मी व्याजासकट वसूल केलं.

माझा खरा घात केला तो फुकटेपणानं. गुगलनं २०१६ मध्ये निक कलेक्शन हा प्लगइनांचा संच फुकट करून टाकला. एकाच वेळी सात भांडी! पुढे तो डीएक्सओ या कंपनीनं घेतला आणि पुन्हा दाम पडू लागले, पण तोवर जिभेला चटक लागली होती.

तर मुंजीचा फोटो. कार्यालयात उजेड यथातथाच, त्यामुळे मावशीच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके. ते घालवायचं एक प्लगइन घेतलं. ठिपके गेले, सोबत सुरकुत्याही गेल्या आणि मावशी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. मग जुन्या फिल्मचा दाणा आणणारं दुसरं प्लगइन लावलं. म्हणजे तांदळातले खडे निवडायचे आणि मग विकतचे खडे आणून घालायचे. तिसऱ्याचा गोल ठिपका मावशीच्या हिरव्या पैठणीवर टेकवला. तो वर्तुळातला सारखा रंग हुडकून काढतो म्हणे. त्यानं काढलाही, पैठणीबरोबर शेजारचं केळीचं पान असं झळाळलं, की मुंज पानाचीच असावी.

दर प्लगइनसाठी मी फोटोची वेगळी प्रत काढतो. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो सोळा बिटांच्या टिफ फाइलमध्ये गेला, की १४४ एमबी गिळतो. डिस्क भरली. बायको म्हणाली, “मुंज एकाची झाली ना? मग हे छत्तीस बटू कुणाचे?” म्हणून एकसारखे फोटो हुडकणारं प्लगइन टाकलं. त्यानं आई आणि मावशी एकच ठरवल्या आणि आईला कचऱ्यात टाकायची परवानगी मागितली.

शेवटी रंगांचा नाद सोडून फोटो कृष्णधवल केला. दाणा, सावल्या, कडेची किंचित काळोखी, सगळं जमून आलं. छापून, फ्रेम करून घेऊन गेलो. मावशीनं चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला, उलटून मागची बाजूही पाहिली.

“पैठणीला अठरा हजार मोजलेत रे,” ती म्हणाली. “ती कुठंय?”